माळ्यावरच्या कॅसेटी बाहेर काढा : उत्तर अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांना एक खुले पत्र

प्रति,
उत्तर अमेरिकेतील सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांस,

विषय : लास वेगासमधील बंद पडलेली थीम पार्के आणि कॅसिनोंच्या दारातले खेळ यांचे घरगुती चित्रीकरण जतन करण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

१७ जुलै २०२४ रोजी लास वेगासमधील मिराज हॉटेल कायमचे बंद झाले आणि त्याच्या दारातला ज्वालामुखीही त्याबरोबर विझला. २२ नोव्हेंबर १९८९ रोजी सुरू झालेल्या या हॉटेलपुढे अंधार पडला की ठरावीक वेळाने नैसर्गिक वायूच्या ज्वाळा उसळत, तळ्याच्या पाण्यावर आग धावे, आणि वायूचा वास झाकण्यासाठी त्यात अननस-नारळाचा सुगंध मिसळलेला असे. तो कृत्रिम डोंगर आता पाडला गेला असून त्या जागी गिटारच्या आकाराचे नवे हॉटेल उभारले जात आहे. बंद होण्याची बातमी आली तेव्हा आपल्यापैकी पुष्कळांनी व्हॉट्सअ‍ॅपवर जुने फोटो टाकले, चार दिवस हळहळ व्यक्त केली आणि विषय मागे पडला. मला आपल्याशी बोलायचे आहे ते फोटोंबद्दल नाही, तर त्या फोटोंच्याच काळात आपण हँडीकॅमवर जे तासन्‌तास चित्रित करून ठेवले, आणि नंतर कधी उघडूनही पाहिले नाही, त्याबद्दल.

मी लास वेगासमध्ये राहते आणि नोकरी सांभाळून इथल्या बंद पडलेल्या करमणुकीच्या जागांच्या नोंदी जमवते. या शहराबद्दल एक समज आहे की ते काहीच जपत नाही. तो पूर्णपणे खरा नाही. इथल्या नेवाडा विद्यापीठाच्या विशेष संग्रहात हॉटेलांचे आराखडे, छायाचित्रे, मेन्यूकार्डे आहेत. १९९६ साली स्थापन झालेल्या निऑन म्युझियमच्या अंगणात उतरवलेल्या पाट्या मांडून ठेवल्या आहेत. ट्रेझर आयलंड या हॉटेलाच्या पाटीवरची अवाढव्य कवटी तिथेच आकाशाकडे तोंड करून पडलेली आहे. लक्सर हॉटेलने आपल्याकडच्या तुतनखामेनच्या थडग्याच्या प्रतिकृती इथल्या नॅचरल हिस्टरी म्युझियमला देऊन टाकल्या. म्हणजे जी वस्तू उचलून नेता येते तिला कुठे ना कुठे जागा मिळते. जे उचलून नेता येत नाही, म्हणजे प्रत्यक्ष चाललेला खेळ, त्यापुढची गर्दी, त्याचा आवाज, तो संपल्यानंतरची पाच मिनिटे, त्याचीच नोंद सर्वांत तुटपुंजी आहे. आणि माझा अनुभव असा की ती नोंद कॅसिनोंच्या कचेऱ्यांपेक्षा आपल्यासारख्यांच्या घरांत सापडण्याची शक्यता जास्त आहे.

याचे कारण तो काळ आणि आपला इकडे येण्याचा काळ एकमेकांवर नेमका बसला, हे आहे. १९९३ च्या अखेरच्या तीन महिन्यांत लास वेगासमध्ये तीन प्रचंड हॉटेले उघडली. १५ ऑक्टोबरला काळ्या काचेच्या पिरॅमिडच्या आकाराचे लक्सर आले, ज्याच्या आत चक्क नाईल नदी होती आणि तीतून होड्या फिरत. ऑक्टोबरच्याच अखेरीस ट्रेझर आयलंड आले, आणि त्याच्या दारातल्या जहाजावरून तोफ डागल्याचे नाटक करून डून्स हे जुने हॉटेल सुरुंगांनी जमीनदोस्त करण्यात आले. १८ डिसेंबरला ५,००५ खोल्यांचे एमजीएम ग्रँड आले. सिंहाच्या जबड्यातून आत शिरायचे आणि मागे तेहतीस एकरांचे स्वतंत्र थीम पार्क, ज्यात पाण्यातून घसरणाऱ्या होड्या होत्या, बंदिस्त रोलर कोस्टर होता आणि चित्रपटांच्या खोट्या गल्ल्या होत्या. त्या सुमारास शहराने कुटुंबांना बोलवायचे ठरवले होते. त्यानंतरच्या काही वर्षांत आपल्याकडून इकडे येणाऱ्या संगणक अभियंत्यांची संख्या वाढत गेली, आणि उन्हाळ्यात सहा महिन्यांच्या व्हिसावर आई-बाबा येऊ लागले. आई-बाबा आले की नायगारा आणि डिस्नेच्या जोडीला ग्रँड कॅन्यन आणि वेगास ही ठरलेली सहल. चिवडा, दशम्या आणि मेतकूट-भाताची सोय करून आठ-आठ तास गाडी हाकणारी किती कुटुंबे या रस्त्यावरून गेली असतील, हे आपल्याला मी वेगळे सांगायला नको.

कॅसिनोच्या आत आपण फारसे चित्रण केले नाही, करताही येत नव्हते. जुगाराच्या टेबलांपाशी कॅमेरा चालत नसे, आणि एकवीस वर्षांखालच्या मुलांना तिथून चालत जाता येई पण थांबता येत नसे. त्यामुळे बाबागाडी, नातवंडे आणि आजी-आजोबा असा लवाजमा घेऊन निघालेल्या कुटुंबाने काय टिपले? जे बाहेर, रस्त्याच्या कडेला, फुकट होते ते. ज्वालामुखी. समुद्री चाच्यांची लढाई. आणि आतले म्हणाल तर एवढेच, मिराजमध्ये काचेपलीकडे पहुडलेले पांढरे वाघ. हा सारा ऐवज नेमका तोच, जो आज कुठेही शिल्लक नाही.

इथे एक कटू गोष्ट कबूल केली पाहिजे. हे खेळ कॅसिनोवाल्यांनी हौसेखातर उभे केले नव्हते. दारातला तमाशा पाहून माणूस आत यावा, आणि आत आला की त्याने खेळावे, एवढेच त्यामागचे गणित होते. आपण मात्र तमाशा पाहिला, टाळ्या वाजवल्या, आजोबांनी पंचवीस सेंटची चार नाणी मशीनमध्ये घालून पाहिली आणि सगळे मोटेलवर परतले. असे गिऱ्हाईक फक्त मराठी नव्हते हे खरे, पण आपण त्याचा आदर्श नमुना होतो. लहान मुले बरोबर असलेला बाप रात्रभर टेबलावर बसत नाही, हे कॅसिनोंच्या लक्षात यायला फार वर्षे लागली नाहीत. लक्सरमधली नाईल १९९६ च्या सुमारास गेली. एमजीएमचे पार्क हळूहळू आक्रसत गेले आणि २००० च्या हंगामानंतर थीम पार्क म्हणून त्याचे दरवाजे बंदच झाले. पुढे त्यातल्या काही जागेवर निवासी मनोरे उभे राहिले. डून्सच्या जागेवर १९९८ मध्ये बेलाजिओ हे हॉटेल उघडले, आणि मुलांसाठीचे वेगास मागे पडून महागड्या जेवणाचे आणि नाइटक्लबांचे वेगास पुढे आले. २००३ मध्ये ट्रेझर आयलंडवरचे चाचे जाऊन तिथे प्रौढांसाठी बेतलेला नाच-गाण्याचा खेळ सुरू झाला. तोही २०१३ मध्ये थांबला तो परत सुरू झालाच नाही. स्ट्रिपवरचे, म्हणजे कॅसिनोंच्या मुख्य रस्त्यावरचे, वेट अँड वाइल्ड हे पाण्याचे पार्क १९८५ ते २००४ चालले. अपवाद म्हणाल तर सर्कस सर्कसमधले गुलाबी काचेच्या घुमटाखालचे पार्क, तेही १९९३ चेच, बाकीचे सगळे गेले तरी टिकून राहिले.

आता कॅसेटींकडे येते. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने त्यांची जुनी हाय-एट कॅसेट माझ्याकडे दिली होती. ट्रेझर आयलंडपुढचा लाकडी धक्का, माणसांच्या डोक्यांच्या रांगा, कोपऱ्यात कॅमेऱ्याची पांढरी तारीख. ब्रिटिश जहाज डावीकडून येते, चाच्यांच्या जहाजावर तोफा डागते, दारूच्या पिंपांचा स्फोट होतो, आणि मग चाचे उलट मारा करून ब्रिटिश जहाज बुडवतात. कप्तान जहाजाबरोबर पाण्याखाली जातो. इथवरचे चित्रण दुर्मीळ नाही. पण खेळ संपल्यावर या गृहस्थांनी कॅमेरा बंद केला नाही, बहुधा ते विसरले असावेत. गर्दी पांगते, बाबागाडी कुठे ठेवली यावरून थोडी बाचाबाची ऐकू येते, आजी म्हणतात, “अगंबाई, खरंच बुडालं की गं ते!” आणि त्याच चौकटीत मागे, कुणाचेही लक्ष नसताना, बुडालेले जहाज पाणी निथळत वर येते आणि संथपणे मागे मागे जात कोपऱ्याआड दिसेनासे होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आजोबा मुलाला सांगतात, “खाली रूळ असणार. बघ ना, जराही हलत-डुलत नाहीये, सरळ रेषेत चाललंय.” रूळ होतेच. जाहिरातीच्या फितीत जहाज बुडते आणि फीत संपते, कारण जादू दाखवणाऱ्याला जादूचा उलटा प्रवास दाखवण्यात रस नसतो. तो प्रवास या कॅसेटीत आहे, शिवाय त्यावर एका जाणत्या अभियंत्याचे भाष्य आहे. मला या एका तुकड्याचे मोल अनेक चकचकीत माहितीपटांहून अधिक वाटते.

म्हणून माझी पहिली विनंती अशी की, कॅसेट डिजिटल करताना ‘काही नाही यात’ असे वाटणारे भाग कापू नका. रांगेत उभे राहण्याची दहा मिनिटे, बुटांचे चित्रण, पार्किंगमधून चालत येणे, लक्सरच्या आतल्या तिरक्या लिफ्टमधली कुजबुज, हेच भाग आज उपयोगाचे आहेत. त्या काळी हौसेने संकलन करून मागे हिंदी गाणी टाकण्याची एक लाट आली होती. अशी प्रत आपल्याकडे असेल तर तीही ठेवा, पण गाण्याखाली दबलेला मूळ आवाज ज्या कॅसेटीत आहे ती आधी शोधा. आवाज का महत्त्वाचा आहे याचे उदाहरण ज्वालामुखीचेच घेता येईल. २००८ मध्ये त्याची फेररचना झाली. बेलाजिओची कारंजी करणाऱ्या वेट या संस्थेने ज्वाळांची नवी मांडणी केली आणि संगीत दिले ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचे तालवादक मिकी हार्ट आणि उस्ताद झाकिर हुसेन यांनी. माहीमला वाढलेल्या झाकिरभाईंच्या मैफली आपल्या कितीतरी सभासदांनी या देशात डोळ्यांत प्राण आणून ऐकल्या, आणि तेच सभासद वेगासच्या फुटपाथवर उभे राहून त्यांच्याच तालावर उसळणारी आग पाहत होते, बहुतेकांना हे ठाऊकही नव्हते. ज्वालामुखी जुलैमध्ये थांबला आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला झाकिरभाई गेले. २००८ नंतरचे घरगुती चित्रण मोबाइलवर मुबलक आहे. पण त्याआधीची एकोणीस वर्षे तो ज्वालामुखी कसा गरजत होता, त्या गर्जनेत रस्त्यावरच्या गाड्यांचे हॉर्न किती आणि गर्दीचा ओरडा किती, हे सांगणारे पुरावे कॅसेटींवर आहेत, आणि कॅसेटी संपत चालल्या आहेत.

पांढऱ्या वाघांचे तर आपल्याशी नातेच आहे. सीगफ्रीड आणि रॉय या जादूगारांच्या जोडीचे वाघांचे प्रयोग मिराजमध्ये १९९० पासून ३ ऑक्टोबर २००३ पर्यंत चालले; त्या रात्री रंगमंचावर वाघाने रॉय यांना गंभीर जखमी केले आणि प्रयोग कायमचे थांबले. जगभरच्या पिंजऱ्यांतल्या पांढऱ्या वाघांची वंशावळ बहुतांशी १९५१ मध्ये रीव्याच्या महाराजांनी पकडलेल्या ‘मोहन’ या बछड्यापाशी जाऊन पोहोचते. वाळवंटातल्या हॉटेलात काचेमागे झोपलेल्या त्या वाघांना कोणी “आपल्याकडचा आहे हो हा” म्हटले असेल, तर ते थट्टेतही चूक नव्हते.

हे काम रसिकांच्या संघटना करतील, आपण कशाला, असे कोणी म्हणेल. काही ठिकाणी त्यांनी केलेही आहे. लास वेगास हिल्टनमधले, स्टार ट्रेक या विज्ञानकथा मालिकेवरचे आकर्षण जानेवारी १९९८ ते १ सप्टेंबर २००८ चालले. त्याच्या चाहत्यांनी त्याची बारीकसारीक माहिती जमवून ठेवली आहे, कारण ते चाहते मुळात मालिकेचे होते आणि नोंदी ठेवणे त्यांच्या अंगवळणी पडले होते. ट्रेझर आयलंडच्या चाच्यांना किंवा एमजीएमच्या होड्यांना असा पंथ लाभला नाही. त्यांचे प्रेक्षक म्हणजे एका रात्रीसाठी आलेली कुटुंबे. ती कुटुंबे देशभर, किंबहुना जगभर पांगलेली आहेत, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर त्यांच्याच संस्थांमार्फत पोहोचावे लागेल. मंडळांना पत्र लिहिण्याचे कारण हेच.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाकडच्या मंडळांनी हे पत्र आपल्यासाठी नाही असे समजू नये. २०२२ मध्ये बृहन्महाराष्ट्र मंडळाचे अधिवेशन ज्या अटलांटिक सिटीत झाले, त्याच शहरात १९९० ते २०१६ या काळात ताजमहालाच्या नावाचा आणि घुमटांचा कॅसिनो होता. खऱ्या ताजमहालाच्या देशातून आलेले पाहुणे त्या प्लास्टरच्या घुमटांपुढे उभे राहून काय म्हणाले, हे फक्त आपल्याच कॅसेटींवर मिळेल. पुढे ती वास्तू हार्ड रॉक या कंपनीने घेतली, घुमट गेले आणि गिटार आली. मिराजचे तेच झाले, तेही हार्ड रॉकच्याच हातून. हा आरोप नव्हे. विकत घेतलेल्या वास्तूला आपले रूप देण्याचा मालकाला अधिकार आहे. मी एवढेच म्हणते की मालक नोंद ठेवील या भरवशावर राहू नये.

जुगाराच्या जागांची आठवण मराठी मंडळांनी का जपावी, हा आक्षेपही मला अपेक्षित आहे. मराठी शाळा, गणेशोत्सव, एकांकिका, आजारी ज्येष्ठांची मदत ही मंडळांची खरी कामे आहेत, आणि त्यापुढे हे काम किरकोळ आहे, हे मला मान्य आहे. पण या कॅसेटींवर ज्वालामुखी असतो तसे आपले लोकही असतात. नऊवारीवर स्वेटर आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज घातलेल्या आजी, बेंबीच्या देठापासून मराठीत ओरडणारी आणि पुढच्या वर्षीच्या कॅसेटीत इंग्रजीत बोलू लागलेली मुले, डॉलरचे रुपयांत रूपांतर करून प्रत्येक पाटी मोठ्याने वाचणारे काका. वेगासचा इतिहास लिहिणाऱ्याला मागचे जहाज हवे असेल. आपल्या स्थलांतराचा इतिहास लिहिणाऱ्याला पुढची माणसे हवी असतील. एकच कॅसेट दोघांच्या कामी येते. त्याच खोक्यात, भारतवारीतली, गोराईच्या एस्सेलवर्ल्डची कॅसेटही बहुधा निघेल. लाँचमधून खाडी ओलांडून जायचो ते पार्कही २०२२ मध्ये बंद झाले, तेव्हा तीही बाजूला काढावी.

घाई कशाची, तर चुंबकीय फीत वीस-तीस वर्षांत खराब होऊ लागते, आणि ती वाजवणारी यंत्रेही आता मिळेनाशी झाली आहेत. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. मिनी-डीव्हीची कॅसेट फायरवायरच्या तारेने संगणकात जशीच्या तशी उतरते, पण ती जोडणी नव्या लॅपटॉपांना नसते, म्हणून कुणाच्या तळघरात जुना संगणक असेल तर तो भंगारात देऊ नये. आणखी एक अडचण खास आपली आहे. अमेरिकेतली एनटीएससी पद्धतीची कॅसेट भारतातल्या पाल पद्धतीच्या व्हीसीआरवर नीट चालत नसे, त्यामुळे अनेकांनी रूपांतर करून घेतलेली प्रत आई-बाबांना पाठवली आणि मूळ कॅसेट इकडेच राहिली, किंवा घर बदलताना तीही भारतात गेली. पुण्या-डोंबिवलीच्या माळ्यांवर, आणि कोकणात तर विचारूच नका, चार पावसाळ्यांत फितीवर बुरशीचा पांढरा थर येतो. असा थर दिसला तर कॅसेट यंत्रात घालू नका. फीत तुटतेच, शिवाय यंत्राचे हेड घाण होऊन पुढची चांगली कॅसेटही बिघडते. ती वेगळ्या पिशवीत कोरडी ठेवून जाणकाराकडे द्यावी.

मंडळांनी नेमके काय करावे, तर माझ्या मते फार खर्चाचे काही नाही. आपल्या वार्तापत्रात एक निवेदन द्यावे. गणेशोत्सवाच्या किंवा दिवाळीच्या कार्यक्रमात एका टेबलावर चालू स्थितीतले दोन-तीन कॅमेरे आणि एक व्हीसीआर ठेवून सभासदांच्या कॅसेटी तिथल्या तिथे तपासून द्याव्यात. एका तासाची कॅसेट उतरवायला एक तासच लागतो, त्यामुळे तरुण स्वयंसेवकांची साखळी लागेल. शाळेच्या समाजसेवेच्या तासांसाठी धडपडणारी मुले प्रत्येक मंडळात असतात. ज्येष्ठ सभासदांना ते चित्रण दाखवताना त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे, कारण कोणत्या वर्षी, कुठल्या हॉटेलात, कोणाबरोबर, हे तेच सांगू शकतात. तारीख चुकीची लावलेले कॅमेरे पुष्कळ होते, पण खुणा मदतीला येतात : एमजीएमच्या दारात सिंहाचा जबडा दिसला तर चित्रण जुने, कारण सिंहाच्या तोंडातून आत जाणे अनेक आशियाई पाहुण्यांना अपशकुनी वाटल्याने तो पुढे काढण्यात आला आणि तिथे पंचेचाळीस फुटी ब्राँझचा सिंह बसला, लक्सरमध्ये होड्या दिसल्या तर त्याहूनही सोपे.

कोणाचेही चित्रण त्याच्या कुटुंबाला न विचारता जाहीर करू नये, यावर मी आग्रही आहे. त्यातली मुले आज पस्तिशीत आहेत आणि रडतानाचे आपले चित्र जगाने पाहावे असे त्यांना वाटेलच असे नाही. जे कुटुंब तयार असेल त्याने एक प्रत घरी, एक मंडळाकडे ठेवावी, आणि तिसऱ्या प्रतीबाबत नेवाडा विद्यापीठाच्या विशेष संग्रहाकडे विचारणा करावी. तिथे काय स्वीकारायचे ते त्यांचे ते ठरवतील. विचारणेचे पत्र इंग्रजीत लिहून देणे, चित्रणातली जागा ओळखणे, मराठी संवादांचे टिपण करणे ही कामे मी आनंदाने आणि विनामूल्य करीन.

हे पत्र आपल्या कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत वाचले जावे आणि होकार असो वा नकार, त्याचे उत्तर मंडळाच्या वार्तापत्रातच द्यावे, म्हणजे शेजारच्या मंडळांनाही ते कळेल. डिसेंबरच्या सुट्टीत जे सभासद भारतात जाणार आहेत त्यांना निवेदन त्याआधी मिळाले, तर परतीच्या सामानात लोणच्याच्या बरण्यांशेजारी चार कॅसेटींना जागा करता येईल. त्या मात्र हातातल्या बॅगेत ठेवाव्यात.

आपली विनम्र,
लास वेगासमधील एक मराठी रहिवासी